डीएनएचा दोरा, चांदीची तार

काचेच्या तुकड्यावर सोन्याच्या दोन बारीक पट्ट्या समोरासमोर आहेत. दोघींमधली फट 12 मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण सातवा भाग. ही फट धातूच्या तारेने जोडायची आहे. तार इतकी बारीक हवी की कुठल्याही चिमट्यात ती धरता येणार नाही. शिवाय तिला उचलून तिथे नेऊन ठेवायचं नाही. द्रावणाच्या थेंबात तिने आपली दोन टोकं आपणच शोधायची आणि दोन्हीकडे घट्ट बसायचं.

1998 साली इस्राएलमधल्या हायफा शहरात, टेक्निऑन या संस्थेत, एरेझ ब्राउन, योआव आयखेन, उरी सिवान आणि गदालियाहू बेन-योसेफ या चौघांनी हे करून दाखवलं. त्यांची तार चांदीची होती, 12 मायक्रोमीटर लांब आणि 100 नॅनोमीटर रुंद. (एका मायक्रोमीटरमध्ये हजार नॅनोमीटर.) तिच्या पोटात डीएनएचा धागा होता. धागा आधी फटीवर ताणला गेला आणि मग त्याच्यावर चांदी चढली.

हे ऐकल्यावर बहुतेकांचा पहिला अंदाज असा असतो की डीएनएतून वीज वाहत असेल, म्हणून त्याला निवडलं. तसं नाही, आणि हा गैरसमज सुरुवातीलाच बाजूला केलेला बरा, कारण तो राहिला तर पुढचं सगळं उलटं समजतं. डीएनए वीजवाहक असू शकेल ही कल्पना 1962 सालीच मांडली गेली होती. पुढे 1999 मध्ये एका गटाने तो चांगला वाहक असल्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. लगेच 2000 साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथल्या गटाने जेमतेम 10 नॅनोमीटर लांबीच्या डीएनएवर मोजून सांगितलं की तो अर्धवाहकासारखा वागतो. लांबी वाढवत नेली तर तो सरळसरळ अवाहक ठरतो. हायफाच्या चौघांनीही चांदी चढवण्याआधी धाग्यातून प्रवाह जातो का हे तपासलं होतं. जात नव्हता. वीज वाहण्याचं काम चांदीचं. डीएनएचं काम वेगळं आहे: कुठून कुठे जायचं हे त्याला माहीत असतं. चांदीला ते माहीत नसतं. तिला द्रावणात सोडलं तर ती कुठेही गोळा होईल. ज्याला वाट कळते पण वीज वाहता येत नाही आणि जिला वीज वाहता येते पण वाट कळत नाही, अशा दोघांना एकत्र आणणं हा या सगळ्या शास्त्राचा गाभा आहे.

पत्ता कसा लिहिला जातो

डीएनए म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या दोन साखळ्या. दोन्ही मिळून जाडी 2 नॅनोमीटर. प्रत्येक साखळीवर चार प्रकारचे रेणू ओळीने बसलेले असतात: ॲडेनीन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. हीच डीएनएची चार अक्षरं. ॲडेनीनची जोडी थायमिनशी जमते, ग्वानिनची सायटोसिनशी. एका जोडीपासून दुसरीपर्यंतचं अंतर 0.34 नॅनोमीटर. म्हणजे एका साखळीवरची अक्षरं ठरली की समोरच्या साखळीवर काय असायला हवं हेही ठरतं. सजीवांत या नियमामुळे आनुवंशिक माहितीची नक्कल होते. तार बनवणाऱ्याला त्याचा उपयोग निराळा आहे. त्याच्या दृष्टीने ही एकमेकांना ओळखणारी दोन टोकं आहेत, आणि ती हव्या त्या अक्षरांत मागणीप्रमाणे बनवून मिळतात.

हायफाच्या प्रयोगात बारा अक्षरांचे छोटे तुकडे वापरले होते. चार अक्षरांतून बारा अक्षरी शब्द बनवायचे तर ते 1 कोटी 67 लाखांहून जास्त होतात. त्यातला एक शब्द डाव्या सोन्याच्या पट्टीवर लावला, दुसरा उजव्या पट्टीवर. लावायचा कसा? तुकड्याच्या टोकाला गंधकाचा अणू जोडून. गंधक सोन्याला पक्कं धरतं, त्यामुळे तुकडे पट्टीवर रुजल्यासारखे उभे राहतात.

मग आला लांब धागा. तो बनवावा लागला नाही, निसर्गात तयार होता. लॅम्डा नावाचा एक विषाणू जिवाणूंना ग्रासतो. त्याच्या डीएनएत 48,502 जोड्या असतात. प्रत्येकी 0.34 नॅनोमीटर धरले तर लांबी साडेसोळा मायक्रोमीटर येते, म्हणजे फट ओलांडायला पुरेशी. पण त्याची खरी सोय टोकांत आहे. या धाग्याच्या दोन्ही टोकांना बारा अक्षरं एकेरी, जोडीदाराविना उघडी असतात. जिवाणूत शिरल्यावर विषाणू हीच दोन टोकं एकमेकांत अडकवून डीएनएचं कडं करतो. प्रयोगात मात्र त्या उघड्या टोकांचे जोडीदार सोन्याच्या पट्ट्यांवर बसलेले होते. एक टोक डावीकडे जुळलं, द्रावण वाहतं ठेवल्यावर धागा प्रवाहाच्या दिशेने लांबला आणि दुसरं टोक उजवीकडे जाऊन जुळलं. विषाणूने स्वतःसाठी घडवलेली कडी अशी दुसऱ्याच दाराला बसली. मला या प्रयोगातला हा भाग सगळ्यात देखणा वाटतो.

धागा सरळ करणं हा स्वतंत्र उद्योगच आहे. मोकळ्या द्रावणात डीएनए गुंत्यासारखा पडून असतो. सुमारे 50 नॅनोमीटरपर्यंत तो ताठ काडीसारखा वागतो, त्यापुढे वळतो, वेटोळी घालतो. त्याला सरळ करण्याची एक सुंदर रीत 1994 मध्ये पुढे आली: धाग्याचं एक टोक पृष्ठभागावर चिकटवायचं आणि पाण्याची कड हळूहळू मागे ओढायची. ओहोटीचं पाणी मागे जाताना शेवाळाच्या तंतूंना एका दिशेला निजवत जातं, तसेच पाण्याच्या कडेने ओढले जाऊन सगळे धागे समांतर, ताणलेले पडतात. याला रेणूंची विंचरणी म्हणतात, आणि नाव चपखल आहे.

चांदी चढते कशी

डीएनएच्या पाठीवर फॉस्फेटचे गट असतात आणि प्रत्येकावर एक ऋणप्रभार असतो. एका जोडीमागे दोन. म्हणजे लॅम्डाच्या एका धाग्यावर जवळपास 97 हजार ऋणप्रभार. इतके प्रभार एका ओळीत उघडे राहू शकत नाहीत, म्हणून त्यांच्याभोवती सोडियमसारखे धनप्रभारित आयन घोटाळत असतात. आता या धाग्यावर चांदीच्या क्षाराचं द्रावण सोडलं तर सोडियमच्या जागी चांदीचे आयन येऊन बसतात. चांदीला फॉस्फेटचं आकर्षण असतंच, शिवाय आतल्या अक्षरांमधल्या नायट्रोजनच्या अणूंशीही ती जुळवून घेते. त्यामुळे धाग्यावर ती दाटीने जमते. जिथे धागा नाही तिथली मोकळी काच धुतली की चांदी निघून जाते.

एवढ्याने तार होत नाही. चांदीचा आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला चांदीचा अणू. त्याला इलेक्ट्रॉन परत दिला तर धातू मिळतो. शाळेच्या पुस्तकात याला क्षपण म्हणतात. हायफाच्या गटाने इलेक्ट्रॉन देण्यासाठी हायड्रोक्विनोन वापरलं. धाग्यावर जागोजागी चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार झाले. हे कण म्हणजे बीजं. त्यानंतर दुसऱ्या द्रावणात चांदीचे आयन आणि हायड्रोक्विनोन एकत्र ठेवले, पण द्रावण आम्लधर्मी केलं आणि प्रकाश मंद ठेवला. अशा स्थितीत चांदी सहजासहजी वेगळी होत नाही, पण जिथे आधीच चांदीचा कण आहे तिथे ती वेगाने साचते. चांदीवरच चांदी चढते. कण फुगत जातात, शेजारच्या कणाला टेकतात आणि साखळी जुळते.

जुन्या फिल्मवर छायाचित्रं धुणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. फिल्मवर प्रकाश पडला की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे ठिपके तयार होतात. विकसक द्रावणात, म्हणजे बहुधा हायड्रोक्विनोन असलेल्या द्रावणात, फिल्म बुडवली की त्या ठिपक्यांभोवती चांदी वाढते आणि चित्र उमटतं. ब्राउन आणि सहकाऱ्यांनी छायाचित्रकलेतलं हेच रसायन उचललं. फरक इतकाच की ठिपके कुठे पडावेत हे इथे प्रकाशाने ठरवलं नाही, डीएनएने ठरवलं.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात अडचणी साध्या साध्या गोष्टींतून येतात. डीएनए ठेवण्याच्या नेहमीच्या द्रावणांत मीठ असतं, म्हणजे सोडियम क्लोराइड. चांदीचे आयन क्लोराइडला भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका खाली बसतो आणि काम तिथेच थांबतं. म्हणून क्लोराइड नसलेली द्रावणं निवडावी लागतात. मीठ फारच कमी केलं तर दोन साखळ्यांमधलं ऋणप्रभारांचं ढकलणं वाढतं आणि जोड्या सुटू लागतात. धातू हवा म्हणून मीठ काढा, डीएनए टिकावा म्हणून मीठ ठेवा, अशी ही कात्री आहे. या विषयावर काम करणाऱ्याचा कितीतरी वेळ अशी द्रावणं जुळवण्यात जातो.

मण्यांची माळ म्हणजे तार नव्हे

आता 1998 च्या तारेच्या उणिवेकडे येऊ, कारण पुढची सगळी वाटचाल त्या उणिवेतून निघाली.

तारेला कमी व्होल्टेज दिला तर प्रवाह वाहतच नव्हता. व्होल्टेज काही व्होल्टपर्यंत वाढवल्यावर तो वाहू लागायचा. साध्या तांब्याच्या तारेत व्होल्टेज दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो, हा ओहमचा नियम. ही चांदीची तार तो पाळत नव्हती. कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं: ती सलग तार नव्हती, कणांची माळ होती. मणी एकमेकांना टेकल्यासारखे दिसतात, पण मध्ये बारीकशी फट राहते, आणि इलेक्ट्रॉनला प्रत्येक फट उडी मारून ओलांडावी लागते. अशा असंख्य उड्या एकापाठोपाठ एक आल्या की थोडा जोर पुरत नाही.

इथे थोडी भूमिती करून पाहू. ती न करता या विषयातली खरी अडचण कळत नाही. समजा धाग्यावर दर 50 नॅनोमीटरवर एक बीज पडलं. प्रत्येक बीज चेंडूसारखं सगळीकडे सारखं वाढतं. शेजारचे दोन चेंडू एकमेकांना टेकायला त्यांचा व्यास किती हवा? 50 नॅनोमीटर. म्हणजे सलग तार मिळेपर्यंत ती 50 नॅनोमीटर जाड झालेलीच असणार. तारेची जाडी धाग्याच्या जाडीवर ठरत नाही, बीजांमधल्या अंतरावर ठरते. धागा 2 नॅनोमीटरचा आहे म्हणून तार 2 नॅनोमीटरची होईल ही आशा इथे मावळते. हायफाच्या तारेची रुंदी 100 नॅनोमीटर, डीएनएची 2. दोन्ही गोल धरल्या तर काटछेदाच्या क्षेत्रफळात 2,500 पट फरक पडतो. इतका मोठा भाग धातूचा, इतका लहान वाट दाखवणाऱ्याचा.

बारीक तार हवी असेल तर बीजं दाट पेरायला हवीत. त्यासाठी डीएनएला अधिक घट्ट धरणारा धातू लागतो. पॅलेडियम आणि प्लॅटिनम हे या बाबतीत चांदीच्या पुढे आहेत. त्यांची संयुगं ग्वानिनच्या एका ठराविक नायट्रोजनशी थेट रासायनिक बंध जोडतात. वैद्यकात याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध, ज्याला अमेरिकेत 1978 मध्ये मान्यता मिळाली, नेमकं हेच करतं. त्यातलं प्लॅटिनम पेशीच्या डीएनएतल्या ग्वानिनला चिकटतं, डीएनएची नक्कल अडते आणि पेशी मरते. पेशीसाठी जो जीवघेणा बंध, तो तार बनवणाऱ्यासाठी पक्कं बीज ठरतो.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये यान रिश्टर, मिखाएल मेर्टिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये लॅम्डाच्या धाग्यावर पॅलेडियम चढवलं. तारा 50 नॅनोमीटरच्या आसपास जाडीच्या होत्या आणि त्या ओहमचा नियम पाळत होत्या. त्यांची वाहकता शुद्ध पॅलेडियमच्या साधारण दहाव्या भागाइतकी भरली. दहावा भाग ऐकायला कमी वाटतो, पण कणांच्या माळेपासून खऱ्या तारेपर्यंतचं अंतर त्यात पार झालं होतं.

पुढे इतर धातूही आले, सोनं आणि तांबं धरून. त्यांची जंत्री देण्यात अर्थ नाही, तत्त्व तेच आहे: आधी बीज, मग वाढ.

तारेत मुद्दाम सोडलेली जागा

तार सगळीकडे सारखी असून परिपथ होत नाही. कुठेतरी ती तोडावी लागते, तिथे स्विच बसवावा लागतो. चिप बनवताना हे प्रकाशाने करतात: पृष्ठभागावर संरक्षक थर देतात, त्यावर आकृतीचा प्रकाश पाडतात, आणि जिथे थर उरतो तिथे धातू पोचत नाही. डीएनएच्या धाग्यावर 12 मायक्रोमीटरमधल्या ठराविक जागीच असा थर कसा द्यायचा?

2002 मध्ये हायफाच्याच गटाने, किनेरेत केरेन आणि सहकाऱ्यांनी, याचं उत्तर जिवाणूकडून घेतलं. रेकए नावाचं एक प्रथिन जिवाणूत तुटलेला डीएनए दुरुस्त करतं. ते एकेरी साखळीच्या तुकड्यावर ओळीने बसतं आणि त्या तुकड्याशी जुळणारी अक्षरं लांब डीएनएत कुठे आहेत हे शोधून तिथे जाऊन चिकटतं. म्हणजे तुकड्यावर जो पत्ता लिहाल, प्रथिन त्या पत्त्यावर जाऊन बसतं. त्यानंतर धातू चढवला तर प्रथिनाखालची जागा झाकलेली राहते आणि बाकी सगळीकडे धातू साचतो. तारेत हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या लांबीची फट तयार. फटीची जागा आणि लांबी अक्षरांनी ठरवली, यंत्राने नाही.

वर्षभरातच, 2003 मध्ये, त्याच गटाने त्या जागेत कार्बनची नॅनोनळी, म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म पोकळ नळी, बसवली. रेकएवर आधी प्रतिपिंडं चिकटवली, मग त्यांच्या आधाराने नळी तिथे आणून बसवली, आणि दोन्ही बाजूंना डीएनएवर सोनं चढवून तारा केल्या. तो एक चालता ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारा स्विच, होता. धागा, नळी आणि सोनं या सगळ्यांनी आपापली जागा रेणूंच्या ओळखीतून घेतली होती. हा पल्ला पाच वर्षांत गाठला गेला, यावर आजही माझा चटकन विश्वास बसत नाही.

मग चिपमध्ये का नाही?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. 2003 मध्ये ट्रान्झिस्टर झाला, तर आज आपल्या फोनमध्ये डीएनएच्या तारा का नाहीत?

पहिलं कारण, ज्याच्याशी स्पर्धा होती तो थांबून राहिला नाही. चिपवर आकृती कोरणाऱ्या यंत्रांनी वापरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी 193 नॅनोमीटरवरून 13.5 नॅनोमीटरवर आली. ही यंत्रं अब्जावधी भाग एकाही चुकीशिवाय कोरण्याच्या जवळ पोचली आहेत. रेणूंची आपोआप जुळणी शंभरात एखादी चूक करते तरी चांगली म्हणायची. तेवढी चूक चिपला परवडत नाही.

दुसरं कारण अधिक खोल आहे, आणि ते डीएनएच्या तारांपुरतं नाही. धातूत इलेक्ट्रॉन धावताना दोन धडकांमध्ये सरासरी किती अंतर कापतो? तांब्यात, नेहमीच्या तापमानाला, सुमारे 40 नॅनोमीटर. चांदीत 50 हून थोडं जास्त. तार याहून अरुंद झाली की इलेक्ट्रॉन धातूच्या आत धडकण्याआधी तारेच्या भिंतींवर आणि कणांच्या सीमांवर आपटू लागतो. रोध वाढतो, आणि तार जितकी बारीक तितका तो वेगाने वाढतो. कोरलेल्या तांब्याच्या तारांनाही हा ताप आहेच. डीएनएवर वाढलेल्या तारेत मात्र कणांच्या सीमा मुळातच जास्त आणि बाहेरची भिंत खडबडीत, म्हणून तिला तो दुहेरी बसतो. ही बाब केवळ कौशल्याची नाही. बारीक आणि खडबडीत ही जोडीच विजेला नकोशी आहे.

म्हणून माझं मत असं आहे की डीएनएच्या तारांकडे सिलिकॉनच्या चिपची सवत म्हणून पाहणं चूक आहे. त्या चष्म्यातून पाहिलं तर वीस-पंचवीस वर्षांचं काम अपयश वाटतं. खरं तर या काळात दुसरंच काहीतरी घडलं. धाग्यावर धातू चढवण्याऐवजी डीएनएची भांडी घडवायला लोक शिकले.

धाग्यापासून साच्यापर्यंत

याची मुळं 1982 मध्ये आहेत. नेड्रियन सीमन हे स्फटिकशास्त्रज्ञ. प्रथिनांचे स्फटिक मिळत नाहीत म्हणून ते त्रासलेले होते. त्यांच्या मनात आलं, डीएनएला फांद्या फुटल्यासारखे जोड देता आले तर त्याची त्रिमितीय चौकट उभी करता येईल आणि प्रथिनं त्या चौकटीत नीट रचता येतील. त्या एका विचारातून डीएनएच्या बांधकामाचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. 2003 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात हाओ यान, थॉमस लाबीन आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या फरशा एकमेकींना जोडून लांब फिती बनवल्या आणि त्यांच्यावर चांदी चढवली. फीत एकट्या धाग्यापेक्षा रुंद आणि ताठ असते. चांदीला बसायला तिच्यावर जागाही जास्त मिळते. त्यामुळे तार अधिक एकसारखी आली आणि ओहमच्या नियमाने चालली.

2006 मध्ये पॉल रॉथमंड यांनी अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत याहून सोपी रीत काढली. एका विषाणूचा 7,249 अक्षरांचा एकेरी लांब धागा घ्यायचा. त्यात दोनशेहून जास्त छोटे तुकडे मिसळायचे. प्रत्येक तुकडा लांब धाग्यावरच्या दूरदूरच्या दोन-तीन जागांना एकत्र ओढतो. मिश्रण तापवून हळूहळू थंड केलं की धागा घड्या घालत ठरलेल्या आकारात येतो. चौकोन, त्रिकोण, तारा, 100 नॅनोमीटरचा हसरा चेहरा. कागदाच्या घड्यांवरून याला डीएनए ओरिगामी नाव पडलं. यातला प्रत्येक छोटा तुकडा आपल्या जागी ओळखता येतो, म्हणून त्या आकृतीवर सुमारे 6 नॅनोमीटरच्या अंतराने वेगवेगळे पत्ते लिहिता येतात.

बीजांमधलं अंतर आठवतं? त्यावरच तारेची जाडी अडली होती. आता ते अंतर नशिबावर सोडायची गरज उरली नाही. सोन्याच्या कणांवर डीएनएचे तुकडे लावायची युक्ती 1996 पासून होती. त्या वर्षी चॅड मिर्किन आणि पॉल अलिव्हिसाटोस यांच्या गटांनी ती स्वतंत्रपणे मांडली. असे कण ओरिगामीवरच्या ठरलेल्या पत्त्यांवर ओळीने बसवायचे आणि मग त्यांच्यावर धातू वाढवायचा. बीजं जवळजवळ आणि समान अंतरावर, म्हणून तार लवकर जुळते आणि बारीक राहते. इथेही एक अडथळा आहे. घड्या एकमेकींच्या शेजारी धरून ठेवायला मॅग्नेशियमचे आयन लागतात, नाहीतर ऋणप्रभार एकमेकांना ढकलून आकृती उसवतात. पण मॅग्नेशियमने अडवलेली जागा चांदीला मिळत नाही. मिठाची कात्री इथे पुन्हा भेटते.

2014 मध्ये त्याहून धाडसी पाऊल पडलं. हार्वर्डमधल्या पेंग यिन यांच्या गटाने डीएनएची पोकळ पेटी बनवली. भिंती डीएनएच्या, आत एक सोन्याचं बीज. मग आत धातू वाढू दिला. धातू भिंतीपर्यंत वाढला आणि तिथे अडला. जो आकार पेटीच्या पोकळीचा, तोच धातूच्या कणाचा झाला. त्याच वर्षी जर्मनीत राल्फ सायडेल यांच्या गटानेही सोन्यासाठी हीच रीत दाखवली. हे ओतकाम आहे, फक्त वितळलेल्या धातूऐवजी इथे धातू आतून वाढतो आणि साचा अशा मऊ रेणूचा आहे की तो टिकतो हेच नवल. धाग्यावर बाहेरून साचलेला धातू हवा तसा फुगतो. साच्यातल्या धातूला मर्यादा असते.

हे साचे टोकाला टोक जोडून लांब केले आणि आत सोनं भरलं तर तार मिळते. 2018 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अशा सोन्याच्या तारा बनवून त्यांची वाहकता मोजली, तीही अगदी थंड तापमानापर्यंत नेऊन. काही तारा खऱ्या धातूसारख्या वागल्या. काहींत अजूनही उड्या मारत जाणारे इलेक्ट्रॉन दिसले. साच्याला साचा जिथे जुळतो तिथे सोनं सलग झालं की नाही, यावर सगळं ठरतं.

अगदी दुसऱ्या टोकाला एक प्रयत्न आहे, तो डीएनएच्या बाहेर न जाता आत शिरतो. जपानमध्ये जिरो कोंडो आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये असा डीएनए स्फटिकरूपात दाखवला, ज्यात अक्षरांच्या जोड्यांना नेहमीच्या हायड्रोजन बंधांऐवजी चांदीच्या आयनांनी सांधलं होतं. पिळाच्या मधोमध चांदीच्या आयनांची एकेरी, अखंड ओळ. कण नाहीत, सीमा नाहीत, खडबडीत भिंत नाही. तारेची याहून बारीक कल्पना करता येत नाही.

तार जेव्हा उत्तर देते

शेवटी एका अशा उपयोगाकडे वळू जिथे डीएनएचा पत्ता आणि धातूची वाहकता दोन्ही एकाच वेळी लागतात. 2002 मध्ये मिर्किन यांच्या गटाने तो दाखवला. दोन इलेक्ट्रोडांमधल्या फटीत काचेवर डीएनएचे एकेरी तुकडे रोवले. ज्या डीएनएचा शोध घ्यायचा त्याचा अर्धा भाग या तुकड्यांशी जुळेल असं त्यांचं लेखन होतं. मग नमुना सोडला. त्यात तो डीएनए असेल तर तो फटीत अडकतो आणि त्याचा उरलेला अर्धा भाग मोकळा लोंबतो. त्या मोकळ्या भागाला जुळणारे तुकडे लावलेले सोन्याचे कण सोडले की तेही तिथे येऊन बसतात. त्यानंतर मिठाचं प्रमाण कमी केलेल्या पाण्याने सगळं धुतात. आधी जी मिठाची कमतरता अडचण होती, तीच इथे परीक्षक होते: पूर्ण जुळलेल्या जोड्या टिकतात, आणि जिथे एक जरी अक्षर चुकलं आहे त्या सुटून वाहून जातात. मग छायाचित्राचं तेच जुनं द्रावण, चांदी आणि हायड्रोक्विनोन. सोन्याच्या कणांवर चांदी चढते, कण एकमेकांना मिळतात, फट बुजते आणि प्रवाह सुरू होतो. नमुन्यातल्या डीएनएत एकच अक्षर वेगळं असेल तर सोनं धुण्यातच निघून गेलेलं असतं. चांदीला बसायला बीज मिळत नाही, आणि मीटरचा काटा जागचा हलत नाही.